तिसरं कोटेशन

सोमवार, ३ मार्च

आजपासून रोजनिशी. डायरी गेल्या वर्षीची आहे, एका बेअरिंगच्या कंपनीने फुकट दिलेली. वार जुळत नाहीत, ते खोडून नवे लिहितो. नवी डायरी विकत घेणारे लोक मूर्ख असतात.

राग शांत झाल्यावर लिहायचं ठरवलं होतं. तो काही शांत होत नाही, तेव्हा तसाच बसलो. काल साडूकडे जेवायला गेलो होतो. हा माणूस नव्या दोन दारी फ्रिजला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, आम्ही पगाराचा तिसरा हिस्सा बाजूला टाकतो. कोणी विचारलं होतं? मेहुणी म्हणाली, यांना पहिल्यापासून सवयच आहे. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हिनेही पाहिलं. ही म्हणजे माझी बायको. निदान तिने तरी भिंतीकडे पाहायचं होतं.

मी पंपांच्या कारखान्यात परचेस ऑफिसर. नटबोल्टपासून जनरेटरपर्यंत काहीही माझ्या सहीशिवाय गेटातून आत येत नाही. भल्याभल्या सप्लायरना घाम फोडलाय. कंपनीचे किती वाचवले त्याला गणती नाही. आणि घरात? महिना संपायच्या आत पाकीट संपतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

परतताना वाटेत कारण सापडलं. घरात सिस्टिमच नाही. ही पिशवी घेते, खाली उतरते, समोर जो दुकानदार दिसेल त्याच्याकडून घेते. ना चौकशी, ना तुलना. आजपासून घरात कंपनीचा नियम. कुठलीही वस्तू असो, कुठलंही काम असो, आधी तीन कोटेशन. ज्याचा दर सगळ्यांत कमी, ऑर्डर त्याला. हिला नीट समजावून सांगितलं. तिने विचारलं, लिंबं आणायची असली तरी? मी म्हटलं, तत्त्व म्हणजे तत्त्व.

सहा महिन्यांत साडूला बोलवायचं आणि जेवता जेवता सहज सांगायचं, आम्ही निम्मा पगार टाकतो.

बुधवार, ५ मार्च

कांदे. नव्या पद्धतीची पहिली खरेदी. हिने पहिल्या दुकानात भाव विचारला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. पहिल्याचा सगळ्यांत कमी. परत पहिल्याकडे गेली, तोवर त्याचे कांदे संपले. दुसऱ्याकडे आली, तर त्याने ओळखलं आणि भाव चढवला. तिसरा जेवायला गेला होता. एवढं करून बाईसाहेब रिकामी पिशवी घेऊन घरी, आणि हे सांगायला मला ऑफिसात फोन.

मी म्हटलं, पहिल्याला ब्लॅकलिस्ट कर. ती म्हणाली, आपल्या रस्त्यावर दुकानं तीनच आहेत, तिन्ही ब्लॅकलिस्ट केली की मग काय तुमचे पंप शिजवू? हे असं असतं. सुधारणा म्हटली की पहिला विरोध घरातून.

संध्याकाळी बिनकांद्याची भाजी. कांद्यावरचा खर्च आज शून्य. सुरुवात उत्तम.

शुक्रवार, ७ मार्च. सकाळी

स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. तीन प्लंबरचे दर मागवले. पहिले दोघे दरोडेखोर. तिसरा म्हणाला, निम्म्यात करतो. काल आला तो हात हलवत. पाना माझा, स्क्रूड्रायव्हर माझा, टॉर्च हिने धरला, वर दोनदा चहा. तो गेल्यावर पाहिलं. नळ ठिबकायचा पूर्ण थांबलाय. पाणी यायचंही पूर्ण थांबलंय.

ही म्हणाली, आता हो? मी म्हटलं, गळती थांबवायची ऑर्डर होती, गळती थांबली. बाथरूममधून बादली आणायला असं कितीसं चालावं लागतं? तिने बादली मुद्दाम माझ्या पायांजवळून नेली. ओल्या मोज्यांनी ऑफिसला चाललोय. आज ज्याची फाइल पहिली येईल त्याचं काही खरं नाही.

शनिवार, ८ मार्च

दरोडेखोर नंबर दोनला बोलवावं लागलं. त्याने आधीचं काम पाहून शीळ घातली आणि दर वाढवला. हा खर्च मी बचतीतून वजा करत नाही. ही दुरुस्ती आहे, घरखर्च नव्हे. हिशेबाची शिस्त ज्याला नाही त्याला हा फरक कळायचा नाही. हिला नाही कळला.

सोमवार, १० मार्च

साबणात लोक किती लुटले जातात! अंगाला वेगळा, कपड्यांना वेगळा, भांड्यांना वेगळा, फरशीला वेगळा. मळ सगळीकडे एकच. कारखान्याला क्लिनर पुरवणाऱ्याकडून एक मोठा कॅन आणला. सगळ्याला चालतो असं तो म्हणाला. काल दिवसभर वापरला. चहाला फरशीचा वास येतो, खरं आहे. पण फरशी आधी कधी एवढी चमकली होती?

हिच्या हातांवर लाल चट्टे उठलेत. बोटं सुजल्यासारखी दिसतात. मी म्हटलं, हातमोजे घेऊ, तीन दर काढ. तिने हात पुसले आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मग आत गेली. एवढ्यातेवढ्याचा बाऊ करायचा स्वभावच आहे.

कॅन मी परत करणार नाही. परत घेत नाहीत.

बुधवार, १२ मार्च

तेलाच्या बाटलीवर पेनाने रेघा मारल्या. एक रेघ, एक दिवस. संध्याकाळी पाहतो तर बाटली शुक्रवारच्या रेघेवर! मी शांतपणे विचारलं. खरं तर ओरडून विचारलं, पण ओरडणं योग्यच होतं. शुक्रवारचं तेल बुधवारी संपलं, तर शुक्रवारी काय करायचं?

ही म्हणाली, मोजायचंच असेल तर उद्यापासून तुम्ही गॅसजवळ उभे राहा, मी रेघा मारते. तिला स्वयंपाकाचा केवढा अभिमान! भाजी कढईत टाकली की ती वास घेते, मान तिरकी करून ऐकते, मग झाकण ठेवते. आता भाजी काय गाणं म्हणते?

लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते. तिने विचारलं, बाबा, आई ठीक आहे ना, आवाज कसातरीच येतोय तिचा. मी म्हटलं, आवाज ठीकच आहे, तुझ्या फोनची रेंज खराब आहे. आणि वारंवार फोन करू नकोस, मेसेज करत जा.

गुरुवार, १३ मार्च

आज बसमध्ये विचार करता करता एकदम प्रकाश पडला. मी कांदा, नळ, साबण यांच्यामागे लागलोय आणि मूळ खर्च तसाच राहिला. घरातला सगळ्यांत मोठा खर्च स्वयंपाकाचा. आणि हे काम लग्नापासून एकाच पार्टीकडे आहे! एकदाही टेंडर नाही. कंपनीत असं झालं असतं तर मला घरी बसवलं असतं.

जेवताना हिला हे सांगितलं. थोडं थट्टेत, थोडं खरं. म्हटलं, नियमाप्रमाणे तुझंही कोटेशन हवं, आणि बाहेरची दोन. मला वाटलं होतं चिडेल. चिडली नाही. हातातली वाटी खाली ठेवली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, फॉरमॅट काय?

मी फॉरमॅट सांगितला. दर, कामाचं स्वरूप, मुदत. तिने मान हलवली. शेवटी समजलं तिला. बायकांना एकदा तर्काने पटवलं की पटतं.

शनिवार, १५ मार्च

तिन्ही कोटेशन आली.

पहिलं हिचं. विजेच्या बिलामागे लिहिलेलं. दोन वेळचा स्वयंपाक, चहा कितीही वेळा, भांडी, कपडे, इस्त्री, आजारपणात पथ्याचं जेवण, पाहुणे आल्यास कुरकुर न करणे. मुदत एक दिवस. आणि दर! तळपायाची आग मस्तकाला गेली. या पैशात मी कारखान्यात दोन फिटर ठेवीन. मी म्हटलं, घरच्या माणसाने हा भाव लावायचा? ती म्हणाली, घरच्या माणसाकडे कोटेशन मागायचं?

दुसरं कोपऱ्यावरच्या हॉटेलचं. वाचलंही नाही.

तिसरं मार्केटच्या मागच्या गल्लीतल्या खानावळीचं. एक मावशी चालवतात, डबेही पाठवतात, दुपारी ऑफिसात आणि संध्याकाळी घरी. हे कोटेशन आणायला ही सकाळी गेली ती संध्याकाळी उगवली. केसांना फोडणीचा वास, गाल लाल. म्हणाली, त्यांचा आचारी काम सोडून गेलाय, नुसता गोंधळ होता, थांबले होते तर थोडा हात लावला. मी कपाळाला हात लावला. फुकट काम करून आली! व्यवहार म्हणून नाही.

पण दर सगळ्यांत कमी. ऑर्डर खानावळीला. मी एकच डबा लावणार होतो की दोन, या विचारात होतो, तेवढ्यात हीच म्हणाली, एकच लावा, माझं मी बघीन. एका वाक्यात निम्मा खर्च वाचला. इतक्या वर्षांत माझ्या म्हणण्याला ती इतक्या पटकन कधी तयार झाली नव्हती.

सोमवार, १७ मार्च

पहिला डबा. खोटं कशाला बोला, फारच छान. बटाटे मऊ पण मोडलेले नाहीत, बीन्स हिरव्यागार, भात मोकळा. ऑफिसातला अकाउंट्सवाला कायम दुसऱ्याच्या डब्यात नाक खुपसतो. त्याने चमचाभर मागितलं आणि एकदम गप्प झाला. त्याला गप्प झालेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी हिच्यासमोर डबा उघडून दाखवला. म्हटलं, बघ, याला म्हणतात व्यावसायिक स्वयंपाक. तेल बोटाला लागत नाही आणि चव जिभेवरून जात नाही. शिकून घे काहीतरी. ती म्हणाली, बरं, सांगते त्यांना. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी होतं. मत्सर असणार.

बुधवार, १९ मार्च

घर दिवसभर बंद. ही सकाळी माझ्याआधी बाहेर पडते, आठच्या सुमाराला येते. साडूकडे जात असणार, बहिणीशी माझ्या तक्रारी करायला. मी विचारणार नाही. विचारलं की तिला वाटणार, मला गरज आहे. उलट फायदाच आहे. दिवे बंद, पंखा बंद, गॅस बंद. पुढचं बिल पाहून साडू आपल्या फ्रिजवर डोकं आपटेल.

डबा आजही उत्तम. हिला पुन्हा सांगितलं. रोज सांगतो. चांगल्या कामाचं कौतुक करायला मी कधी कंजूषपणा केलेला नाही.

गुरुवार, २० मार्च

सकाळी कपाट उघडलं तर एकही शर्ट इस्त्रीचा नाही. मी हाक मारली. ही दारात चप्पल घालत होती. म्हणाली, इस्त्री माझ्या कोटेशनमध्ये होती, तुम्ही नामंजूर केलंत, खानावळीच्या कोटेशनमध्ये असेल तर बघा. आणि गेली!

हात दाखवून अवलक्षण. स्वतः इस्त्री केली. कॉलरवर तपकिरी त्रिकोण उमटला. त्यावर स्वेटर घातला. आज उकाडा असा, की साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, ताप आहे का तुम्हाला? मी म्हटलं, थोडा. त्यांनी लांबची खुर्ची दाखवली.

इस्त्रीवाल्यांचे तीन दर मागवायचे. पण मागवायला घरात आहे कोण?

शनिवार, २२ मार्च

आज पकडलं. खानावळीच्या वारांच्या यादीत शनिवारी बटाटा-मटार. डब्यात मटारचा एक दाणा नाही! नुसता बटाटा. शेजारी अकाउंट्सवाल्याने आता त्याच खानावळीचा डबा लावलाय, त्याच्या डब्यात मटारच मटार. म्हणजे माझ्याच डब्यातून मटार काढून घेतात. शॉर्ट सप्लाय! बिल पूर्ण मालाचं आणि माल अर्धा.

मला मटार आवडत नाहीत ही गोष्ट वेगळी. लहानपणापासून बाजूला काढतो. पण आवडणं न आवडणं हा माझा प्रश्न आहे, सप्लायरचा नाही. कडक शब्दांत चिठ्ठी लिहून रिकाम्या डब्यात घातली.

एक मात्र मान्य करायला हवं. तिखट बेताचं असतं. माझ्या पित्ताचं मी त्यांना कधी बोललो नाही. चांगली फर्म न सांगता गिऱ्हाईक ओळखते. घरच्यांना सांगूनही कळत नाही.

सोमवार, २४ मार्च

डबा उघडला. मटार. दुसरा कप्पा उघडला. मटार. भातात मटार. पैसे मोजलेत म्हणून एकेक दाणा खाल्ला. अकाउंट्सवाला हसत होता. उद्या त्याची बिलं अडवतो.

संध्याकाळी हिला सांगितलं तर ती म्हणाली, मागितले ते मिळाले ना? एरवी दोन शब्द सहानुभूतीचे तरी बोलायची.

बुधवार, २६ मार्च

मोठी बातमी. अर्ध्या ऑफिसात आता खानावळीचा डबा येतो. तिथे कोणी नवीन बाई स्वयंपाकाला आहे म्हणे, तिच्या हाताला चव आहे असं जो तो म्हणतो. आज साहेबांनी कोणाच्या तरी डब्यातलं चाखलं आणि मला बोलावलं. म्हणाले, कारखान्यातल्या लोकांचं दुपारचं जेवण यांना देऊन टाका, आपल्या कँटीनला लोक शिव्या घालतात. हे तुम्हाला सापडलं कसं? मी म्हटलं, सर, पद्धतशीर शोध घेतला. साहेबांनी पाठीवर थाप मारली. इतक्या वर्षांत पहिली.

परवा स्वतः जाऊन दर पाडून घेणार. एवढी मोठी ऑर्डर म्हटल्यावर पंधरा टक्के तरी सुटले पाहिजेत. घरी हिला सांगितलं, त्या बाईला माहीत नाही, गाठ कोणाशी आहे. ही पाय दाबत बसली होती. म्हणाली, दुपारी तीननंतर जा, आधी गर्दी असते. हिला काय माहीत? पण सल्ला बरा वाटला.

शुक्रवार, २८ मार्च

लिहू की नको असं झालंय.

तीनला गेलो. पुढे टेबलं, मागे स्वयंपाकघर, मध्ये नुसता पडदा. मावशी गल्ल्यावर. जाड बाई, चष्मा, आवाज मोठा. मी कार्ड दिलं आणि दराचं बोललो. त्या म्हणाल्या, दराचं आता आमच्या ताई बघतात, बोलावते. आतून चार-पाच बायकांचं हसणं ऐकू येत होतं. कोणीतरी काहीतरी सांगत होतं आणि बाकीच्या लोटपोट होत होत्या. तो सांगणारा आवाज ओळखीचा वाटला, पण तो आवाज असा मोकळा मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता, म्हणून ओळखायला वेळ लागला.

पडदा सरकला आणि ही बाहेर आली. बाह्या वर केलेल्या, पदराला हात पुसत. हातांवरचे चट्टे गेलेत.

तू इथे काय करतेस, असं विचारायचं होतं. तोंडातून निघालं, पंधरा टक्के कमी करा.

ती म्हणाली, दर पक्का आहे. आठवड्याचे पैसे आगाऊ. आणि तेल कोणी मोजायचं नाही. आतल्या बायका पुन्हा हसल्या. म्हणजे त्यांना बाटलीचंही माहीत आहे! मी आवाज चढवला. हा विश्वासघात आहे, असं काहीतरी म्हणालो. ती म्हणाली, हळू बोला, माझी कामाची जागा आहे. मग स्टूल पुढे सरकवलं आणि विचारलं, जेवलात का?

जेवलो नव्हतो. मीटिंगच्या नादात डबा तसाच राहिला होता. पण मी म्हटलं, जेवलोय. आणि बाहेर पडलो. घरी येऊन ब्रेड खाल्ला, कोरडा.

शनिवार, २९ मार्च

सकाळपासून भांडण. मी एकेक मुद्दा मांडला. कोटेशन आणायला पाठवलेला माणूस सप्लायरलाच जाऊन मिळतो, याला कंपनीत काय म्हणतात? नोकरी जाते! नवऱ्याला न सांगता, नवऱ्यालाच डबा विकायचा, नवऱ्याकडूनच तारीफ ऐकायची आणि गालात हसायचं! रोज! आणि लोकांसमोर माझी शोभा.

ती म्हणाली, मी लपवलं नाही, तुम्ही विचारलंत कधी? मी घरात नसते हे तुम्हाला बंद पंख्यावरून कळलं.

मग मी मोठं मन केलं. म्हटलं, झालं गेलं विसरून जाऊ, तुझं जुनं कोटेशन मी मंजूर करतो. पूर्ण दराने, एक पैसा कमी करत नाही. सोमवारपासून घरी. मला वाटलं, रडेल. निदान आश्चर्य तरी करेल. कोणत्या सप्लायरला मी आजवर पूर्ण दर दिलाय?

ती म्हणाली, दराचं नाही हो. मग खुर्चीत बसली. म्हणाली, तिथे पहिल्या दिवशी मी भाजी उतरवली, चौघींनी चाखली, आणि एकीने विचारलं, ताई, यात काय घातलंस गं? इतक्या वर्षांत या घरात मला कोणी हे विचारलेलं नाही. किती घातलंस, एवढंच विचारलंय.

मी म्हटलं, ही भावनिक भाषा झाली. ती म्हणाली, हो. आणि चप्पल घालून कामाला गेली. मी भांडायला रजा टाकलेली असून!

तिच्याशिवायही चालतं हे दाखवायला दुपारी स्वतः भात लावला. भांडं घासायच्या लायकीचंही राहिलं नाही. नवीन घ्यावं लागेल. याला सर्वस्वी तीच जबाबदार आहे. साडूही.

सोमवार, ३१ मार्च

कारखान्याची ऑर्डर निघाली. तिच्या दराने. साहेब म्हणाले, बाई ठाम दिसते, द्या तिला हवं ते. खाली माझी सही. माझ्या नोकरीतली पहिली ऑर्डर, जिच्यात मी काहीही कमी करून घेतलं नाही. अकाउंट्सवाल्याला सगळं कळलंय. सकाळी म्हणाला, वहिनींना नमस्कार सांगा. त्याचं बिल अडवायलाही हात उठला नाही.

संध्याकाळी आठला बेल वाजली. डबा घेऊन ही स्वतःच आली. म्हणाली, डबे पोचवणाऱ्या सायकलवाल्याची खेप कशाला, मी येतेच आहे. मी दोन ताटं मांडली. तिने एक उचलून परत ठेवलं. म्हणाली, मी जेवून आले. शेवटचा डबा गेला की आम्ही सगळ्या एकत्र बसतो. मग समोरच्या खुर्चीत बसली, पाय वर घेतले आणि मी डबा उघडताना बघत राहिली.

फ्लॉवरची भाजी. पहिल्याच घासाला कळलं. इतकी चांगली भाजी मी कधी खाल्ली नव्हती. किंवा रोज खाल्ली असेल.

सांगायला हवं होतं. दुसऱ्या कोणी केलंय असं समजून रोज हिच्याच तोंडावर केवढं कौतुक केलं. तेव्हा शब्द शोधावे लागले नाहीत. आज ती समोर बसली होती, थकलेली, माझ्या तोंडाकडे बघत, वाट पाहत, आणि मला एक शब्द फुटेना. रागच येत गेला. तिचा नाही. कोणाचा ते कळेना, म्हणून आणखी आला.

तिने विचारलं, कशी झालीय?

मी म्हटलं, मीठ जरा जास्त आहे.

ती बरं म्हणाली आणि उठून झोपायला गेली.

मीठ अगदी बरोबर होतं.